टेली झूम घेतला, आता पुढं काय? खान्देशातल्या उन्हात, धुळीत आणि जंगलात वापरायची पद्धत

माझा १५०-६०० एमएमचा टेली झूम, म्हंजे दूरचं जवळ आणणारा लेन्स, आला तेव्हा पहिल्याच रविवारी मी हतनूर धरणावर पळालो. रात्रपाळी करून घरी आलो, झोपलो, उठलो, शेवभाजी हाणली आणि साडेअकराला बॅकवॉटरच्या काठावर, म्हंजे पक्ष्यांचे फोटो काढायला कोणीच जाऊ नये अशा टायमाला. समोर पाण्यात चक्रवाकांची जोडी, अंतर असेल दोनशेक मीटर, मी ६०० ला लावून तीनशे-साडेतीनशे फोटो मारले आणि घरी येऊन कॉम्प्युटरवर उघडले तर एक पण शार्प नाही. ओल्या रंगावरून कोणी बोट फिरवावं तशा पक्ष्याच्या कडा. दुकानदाराशी भांडायची पूर्ण तयारी झाली होती, पण एका जुन्या दोस्ताने सांगितलं की भो आधी घरात तपासून तर बघ. मग पॅसेजमध्ये टेबलावर कॅमेरा ठेवला, समोरच्या भिंतीवर पेपर चिकटवला, दोन सेकंदाचा टायमर लावला, तर छोट्या जाहिरातीतले फोन नंबरसुद्धा खणखणीत वाचता येत होते. लेन्सला काहीच झालेलं नव्हतं. गडबड मधल्या हवेत होती.

तेव्हापासून एक गोष्ट डोक्यात पक्की बसली, लेन्सच्या काचेपासून पक्ष्यापर्यंत जेवढी हवा आहे ती पण लेन्सचाच भाग धरायची. आपल्या जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, तिथं ही हवा सगळ्यात खराब काच आहे आणि ती कुठल्याच पैशाने बदलून मिळत नाही. खाली जे लिहितोय ते सगळं याच अंगाने आहे.

लेन्स कोणता, हे थोडक्यात

नुसतं फिरणं, जत्रा, किल्ले, माणसं असं असेल तर ७०-३०० किंवा ५५-२५० पुरतो, हलका आहे, गळ्यात दिवसभर राहतो. पक्षी-प्राणी म्हटलं की ४०० पासून पुढं. १००-४०० हा माझ्या मते दोन्हीकडचा जावई, प्रवासातही चालतो आणि जंगलातही. १५०-६०० किंवा २००-६०० वाले दोन किलोच्या आसपास भरतात, ते घेऊन तोरणमाळच्या वाटा चढून बघा मग कळतं. क्रॉप सेन्सरचा, म्हंजे छोट्या सेन्सरचा कॅमेरा असेल तर ४०० चा लेन्स निकॉन-सोनीवर ६०० सारखा आणि कॅननवर ६४० सारखा दिसतो, म्हणून उगीच फुल फ्रेमच्या, म्हंजे मोठ्या सेन्सरच्या मागं लागू नका, पक्ष्यांसाठी क्रॉप बॉडी चांगलीच आहे. टेलिकन्व्हर्टर, म्हंजे लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये बसणारी, लांबी वाढवणारी काच, झूमवर लावायचा मोह टाळा. १.४ वाला एक स्टॉप, म्हंजे अर्धा उजेड खातो, एफ६.३ चा एफ९ होतो, फोकस लटपटतो, आणि वाढलेल्या लांबीत हवेची थरथर पण तेवढीच मोठी दिसते.

सेकंडहँड घेत असाल तर पुढून मोबाईलचा टॉर्च मारून मागून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती फंगस, म्हंजे बुरशी, तिथूनच नमस्कार करून निघा.

पहिली पायरी: घरच्या गच्चीवर पंधरा दिवस

नवीन माणूस थेट जंगलात जातो आणि ६०० ला लावून पक्षी शोधत बसतो, फांद्या दिसतात, आभाळ दिसतं, पक्षी काही सापडत नाही आणि सापडेपर्यंत उडून जातो. पद्धत अशी ठेवा. लेन्स आधी १५० किंवा १०० ला आणायचा, पक्ष्यावरची नजर न हलवता कॅमेरा डोळ्यापर्यंत वर घ्यायचा, पक्षी मधोमध आला की मग झूम फिरवायचा. नजर खाली कॅमेऱ्याकडे नेली की खेळ खलास. गच्चीवरून पारवे, घारी, पोपट यांच्यावर रोज दहा मिनिटं हे करा.

यानंतरचा सगळ्यात भारी मास्तर म्हंजे वेडा राघू. तारेवर बसतो, हवेत माशी पकडतो आणि बहुतेक वेळा परत त्याच जागेवर येऊन बसतो. तुम्हाला माहीत असतं तो कुठं येणार, म्हणून फोकस आधीच त्या जागेवर लावून थांबायचं आणि तो येताना बटण दाबून धरायचं. पहिल्या दिवशी माझे शंभरात दोन आले होते, तेही एकाची शेपटी कापलेली.

धरायची रीत. डावा हात लेन्सच्या खाली, पुढच्या बाजूला, तळवा वर. वरून लेन्स पकडणारे लोक मी जत्रेत खूप बघितले, त्यांचे फोटो हलणारच. दोन्ही कोपर बरगड्यांना चिकटलेले, एक पाय पुढं, डोळा व्ह्यूफाइंडरला टेकलेला, श्वास अर्धा सोडून थांबायचं आणि तीन-चार फोटोंची छोटी झड मारायची. पहिला फोटो बटण दाबायच्या धक्क्याने हलतो, दुसरा-तिसरा बरा येतो, हे तुम्हाला स्वतःच दिसेल.

ट्रायपॉड मी फार कमी नेतो. त्यापेक्षा बीनबॅग, म्हंजे लेन्स टेकवायची धान्याची पिशवी. जुन्या जीन्सचा एक पाय कापायचा, एका बाजूने शिवायचा, आत दीड-दोन किलो ज्वारी भरायची आणि दुसरी बाजू शिवून टाकायची किंवा चेन लावायची, झालं काम. गाडीच्या अर्ध्या खाली केलेल्या काचेवर, बांधावर, धरणाच्या दगडांवर, कुठंही बसते. लांबच्या प्रवासाला रिकामी न्यायची आणि तिथल्या किराणा दुकानातून धान्य घेऊन भरायची, म्हणून माझ्या एका बीनबॅगला चेन आहे.

सेटिंग, जसं मी लावतो तसं

मॅन्युअल मोड, ऑटो आयएसओ, म्हंजे सेन्सर उजेडाला किती संवेदनशील ठेवायचा ते कॅमेरा ठरवतो. शटर आणि अॅपर्चर माझ्या हातात, उजेडाचं गणित कॅमेऱ्याकडे. अॅपर्चर, म्हंजे उजेड आत येण्याचं छिद्र, लेन्सचं जे सगळ्यात मोठं (एफचा आकडा सगळ्यात लहान) असेल ते, बहुतेक एफ६.३, आणि ऊन भरपूर असेल तर एफ८ कारण बरेच झूम एफ८ ला थोडे जास्त शार्प होतात. शटरचा जुना नियम असा की ६०० एमएमला निदान १/६०० सेकंद, क्रॉप बॉडी असेल तर १/९००-१/१०००. लेन्समध्ये स्टॅबिलायझर असतो, व्हीआर म्हणा, आयएस म्हणा, व्हीसी, ओएस, कंपनीगणिक नाव वेगळं, त्याने तुमचा हात स्थिर होतो पण पक्ष्याची मान स्थिर होत नाही. हे इथं बऱ्याच जणांचं चुकतं, स्टॅबिलायझर आहे म्हणून १/१२५ ला मारतात आणि पक्षी हललेला येतो. बसलेला पक्षी १/५०० ते १/८००, चालणारा-चरणारा १/१०००, उडणारा १/२००० आणि वेडा राघू किंवा खंड्या असेल तर १/३२०० सुद्धा कमी पडतं.

अंदाज यावा म्हणून सांगतो, डिसेंबरात सकाळी सव्वासात-साडेसातला कोवळं ऊन पडलं की एफ६.३, १/१००० ला आयएसओ साधारण १२५० च्या आसपास जातो, आणि ऊन नीट वर आलं की एफ८, १/२००० ला ४०० पुरतो. जंगलात झाडाखाली ३२०० ला घाबरायचं नाही. नॉइज, म्हंजे आयएसओ वाढल्यावर येणारे दाणे, सॉफ्टवेअरमध्ये बऱ्यापैकी जातो, हललेला फोटो कुठल्याच सॉफ्टवेअरने बसत नाही. रॉ मध्ये (सेन्सरची पूर्ण माहिती ठेवणारी फाइल) काढा, एवढं सांगून पुढं जातो.

पांढरा बगळा उन्हात असेल तर एक्स्पोजर कंपेन्सेशन (फोटो उजळ-गडद करायचं सेटिंग) उणे ०.७ किंवा उणे १, नाहीतर पिसं जळून नुसता पांढरा डाग. घार आभाळात असेल तर उलटं, अधिक १, नाहीतर काळी सावली. काही जुन्या बॉडीत मॅन्युअल-ऑटो आयएसओला कंपेन्सेशन चालत नाही, आधी घरी बघून घ्या.

फोकस कंटिन्युअस, म्हंजे हलणाऱ्या पक्ष्यामागं सतत जाणारा ठेवायचा, एएफ-सी किंवा एआय सर्व्हो. नवीन मिररलेसमध्ये पक्ष्याचा डोळा ओळखणारं सेटिंग असतं, ते उघड्यावर मस्त काम करतं पण सागाच्या काड्यांमध्ये पक्षी असला की ते काडीलाच डोळा समजतं, तिथं सरळ एक छोटा पॉइंट घ्यायचा आणि डोळ्यावर ठेवायचा. लेन्सवर फोकस लिमिटरचं बटण असतं, ९० टक्के लोक त्याला हातच लावत नाहीत. दूरचा पक्षी असेल तर ते दूरच्या बाजूला टाका, मग फोकस चुकल्यावर लेन्स जवळपासून इन्फिनिटीपर्यंत पूर्ण फेरी मारत बसत नाही, तेवढ्या दोन सेकंदात नीलपंख उडून गेलेला असतो.

आणि डोळाच का, ते गणितात बघा. क्रॉप बॉडी, ६०० एमएम, एफ६.३ आणि पक्षी दहा मीटरवर असेल तर पुढचं-मागचं मिळून जेमतेम सात सेंटिमीटर शार्प येतं. बगळ्याची चोच त्याच्यापेक्षा लांब असते की!

हवा, म्हंजे मूळ मुद्दा

जमीन तापली की गरम हवा वर सरकते, गरम-थंड हवेचे थर एकमेकांत मिसळतात आणि उजेड त्यातून वाकडातिकडा होत येतो. डांबरी रस्त्यावर दुपारी पाणी साचल्यासारखं दिसतं ना, तेच. नुसत्या डोळ्याला ते दिसत नाही तेव्हाही ६०० एमएमला दिसतं. नांगरलेली काळी जमीन, डांबर, वाळू, पत्र्याची छपरं यांच्यावरून फोटो काढू नका. गवत आणि झाडी त्यातल्या त्यात बरी. आणि फक्त उन्हाळ्यातच होतं असं पण नाही, थंडीत पहाटे धरणाचं पाणी कोमट आणि वरची हवा गार असली की तेव्हाही दूरचा पक्षी थरथरतो.

तपासायची युक्ती सोपी आहे. लाइव्ह व्ह्यू (मागच्या स्क्रीनवर चित्र) चालू करा, १० पट मोठं करा आणि पक्ष्याची कड बघा. कड उकळत्या दुधासारखी हलत असेल तर शंभर मीटरच्या पुढचं विसरा, कितीही शटर वाढवा उपयोग नाही. मग काय करायचं? अंतर कमी करायचं नाहीतर चहा प्यायचा. वीस-तीस मीटरवरचा पक्षी भर अकरालाही शार्प येतो कारण मध्ये हवाच कमी आहे. माझा हिशोब असा बसलाय की डिसेंबर-जानेवारीत दहापर्यंत आणि एप्रिलमध्ये आठपर्यंत दूरचं काम, त्यानंतर फक्त जवळचं.

पोटावर झोपून पक्ष्याच्या नजरेच्या पातळीवरून काढलेला फोटो भारी दिसतो, मागचं सगळं विरघळून जातं, पण जमिनीलगतची हवा सगळ्यात जास्त उकळते. म्हणून झोपायचं ते सकाळी आणि पक्षी जवळ असतानाच. दुपारी दूरचं काढायचं असेल तर उलट उंचावर जा, टेकाडावर, बांधावर.

अजून एक, हे मला दोन वर्षांनी कळलं. एसी गाडीतून उतरलात, लेन्स गार, बाहेर ४० डिग्री, तर लेन्सच्या हूडमध्येच गार-गरम हवा घोळत राहते आणि पहिले पंधरा-वीस मिनिटं फोटो मऊ, म्हंजे धूसर येतात. त्यामुळे मी शेवटचे पाच-सात किलोमीटर एसी बंद करून काचा खाली करतो, बायको ओरडते तो भाग वेगळा. खिडकीतून काढताना इंजिन बंद करायचंच, कंपनं जातात आणि बॉनेटवरची गरम हवा पण समोर येत नाही.

अंतर कमी कसं करायचं

गाडी हीच सगळ्यात चांगली लपणी. पक्षी माणसाला घाबरतात, उभ्या गाडीला तेवढे घाबरत नाहीत. रावेर-यावलच्या केळीच्या बागांमधल्या रस्त्यावर गाडी हळू चालवा, तारेवर किंवा खांबावर कापशी घार, नीलपंख दिसला की शंभर मीटर आधीच वेग कमी, त्याच्या सरळ अंगावर न जाता तिरपं सरकत जाऊन थांबायचं आणि दरवाजा उघडायचा नाही. बाईकवर असाल तर इंजिन लांबच बंद करा. पायी असाल तर पक्ष्याने मान वर केली, अंग आवळलं की तुम्ही थांबायचं, तो परत चरायला लागला की चार पावलं. टिटवी ओरडायला लागली तर समजा सगळ्या पंचक्रोशीला खबर गेली, तिचं अंड्याचं ठिकाण जवळ असेल, मागं फिरा.

शेतात शिरायच्या आधी मालकाला विचारा. बहुतेक जण "काय काढी राहिना भाऊ?" म्हणत स्वतःच सोबत येतात आणि घुबड कुठल्या झाडावर बसतं ते कोणत्याही अॅपपेक्षा त्यांना नीट माहीत असतं.

कुठं काय चालतं

हतनूर थंडीत. तापी-पूर्णेच्या संगमाखालचं हे पाणी, चांगदेवच्या बाजूपर्यंत पसरलेलं, बाहेरून येणारी बदकं, चक्रवाक, चित्रबलाक. इथं ६०० पण कमी वाटतो, म्हणून सूर्य पाठीशी राहील अशी जागा पकडायची आणि गप बसायचं, पक्षी स्वतः काठाला येतात. धरणाच्या भिंतीकडे कॅमेरा नेण्याआधी विचारून घ्या.

यावल अभयारण्य आणि पालचा भाग, म्हंजे सातपुड्यातलं सुकं सागाचं जंगल. पाऊस संपल्यावर दाट असतं, होळीच्या सुमाराला पानं झडतात आणि मग नजर आत जाते. पण पानं गेली म्हंजे सावलीही गेली, जमीन तापते, म्हणून तिथं पण सकाळच. गौताळ्याकडे पाटणादेवीला पायी फिरायचं असतं, तिथं १००-४०० घेऊन जा, ६०० वाला खांदा मोडतो.

रानपिंगळ्याबद्दल, म्हंजे एका दुर्मिळ छोट्या घुबडाबद्दल, थोडं जास्त लिहितो कारण तो आपला आहे. ब्रिटिश पक्षी अभ्यासक ह्यूमने १८७३ मध्ये त्याचं वर्णन केलं, १८८४ नंतर तो कोणालाच मिळाला नाही, नामशेष झाला असं धरून चालले होते आणि ११३ वर्षांनी, नोव्हेंबर १९९७ मध्ये, पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अॅबट या पक्षी अभ्यासकांना शहाद्याजवळ सापडला. शहादा आता नंदुरबार जिल्ह्यात येतं, तेव्हा नंदुरबार धुळे जिल्ह्यातच होतं, १९९८ ला वेगळं झालं. हा पिंगळा दिवसा फिरतो, उघड्या फांदीवर बसतो, शेपटी इकडून तिकडे झटकतो, म्हणून फोटोला सोपा वाटतो आणि तिथंच घोळ होतो. लोक मोबाईलवर त्याचा आवाज वाजवून बोलावतात. तो आपलं शिकार-पिल्लू सोडून दुसरा नर आला समजून धावत येतो, असं दिवसातून चार गाड्यांनी केलं तर त्याने खायचं कधी? आवाज वाजवायचा नाही, घरट्याच्या ढोलीसमोर उभं राहायचं नाही, आणि फोटो टाकताना नेमकी जागा लिहायची नाही, फोटोतलं जीपीएस पण काढून टाकायचं. सरळ सांगतो, वाजवून काढलेला रानपिंगळा मला कोणी दाखवला तर मी लाइक करत नाही. अभयारण्यात वनविभागाची परवानगी आणि सोबत गाइड, यात काटकसर नको.

सारंगखेड्याची जत्रा वेगळाच प्रकार. दत्तजयंतीला तापीकाठी एकमुखी दत्ताची यात्रा आणि घोड्यांचा बाजार. इथं ७०-२०० किंवा ७०-३०० बस. लांब उभं राहून रांगेतल्या घोड्यांची तोंडं २०० ला धरा, ती एकमेकांना चिकटलेली दिसतात. लोक म्हणतात लेन्स दाबतो, खरं तर ते तुमच्या लांब उभं राहण्यामुळे होतं, लेन्स फक्त तेवढा तुकडा कापून मोठा दाखवतो. पळणारा घोडा असेल तर शटर १/६० ते १/१००, स्टॅबिलायझर मोड २ ला (कॅमेरा आडवा फिरवतानाचा मोड), आणि कंबरेतून वळत घोड्यासोबत कॅमेरा फिरवायचा. दहातला एक येईल पण तो घरी फ्रेम करून लावाल.

माणसांचे फोटो लांबून चोरून काढू नका. टेली आहे म्हणून नदीवर कपडे धुणाऱ्या बायका टिपणारे महाभाग मी बघितलेत, आपल्या घरच्यांचा कोणी काढला तर चालेल का? जत्रेत विचारलं तर उलट "आमना बी एक फोटू काढा ना" म्हणून चार जण पुढं येतात. अक्कलकुव्याकडच्या काठीच्या होळीला मात्र एफ६.३ चा झूम घरीच ठेवा, सगळं रात्रीचं ते पहाटेपर्यंत, उजेड कमीच, तिथं ५० एमएम एफ१.८ जिंकतो.

चंद्र काढायचा असेल तर ही आकडेमोड लिहून ठेवा. चंद्र आभाळात अर्ध्या डिग्रीचा असतो, म्हंजे एक मीटरची वस्तू ११५ मीटरवरून चंद्राएवढी दिसते. २० मीटरचा बुरूज किंवा झाड चंद्राएवढं पाहिजे असेल तर जवळजवळ २३०० मीटर लांब उभं राहावं लागेल. लळिंगचा किल्ला हायवेवरून बघितला असेल, तिथं हे गणित मस्त बसतं, जागा आधी नकाशावर ठरवा. ६०० एमएमला सेन्सरवर चंद्र साधारण साडेपाच मिलिमीटरचा येतो, क्रॉप बॉडीत उंचीच्या एक तृतीयांश. आणि पौर्णिमेऐवजी चतुर्दशीला जा, चंद्र सूर्यास्ताच्या आधी वर येतो, किल्ल्यावर अजून उजेड असतो, दोन्ही एका एक्स्पोजरमध्ये बसतात.

घरी आल्यावर

झूम लांब-आखूड होताना हवा आत ओढतो आणि हवेसोबत सारंगखेड्याची अर्धी धूळ. आधी रबरी ब्लोअरने पुढची काच आणि नळीचे सांधे फुंकायचे, मग मऊ ब्रश, कापड सगळ्यात शेवटी. तोंडाने फुंकू नका, थुंकी उडते. जत्रेत लेन्स बदलूच नका, एकच लावून जा. हूड कायम लावलेला, तोच खरा रक्षक. स्वस्तातला यूव्ही फिल्टर ६०० एमएमवर फोटो मऊ करतो, मी काढून टाकलाय. बॅगेत ठेवताना झूम लॉक लावा नाहीतर नळी स्वतःच्या वजनाने घसरते.

पावसाळ्यात तोरणमाळहून ओला लेन्स आणला तर बॅगेत बंद करून ठेवू नका, पंख्याखाली सुकवा, मग झाकण घट्ट बसणाऱ्या प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेल घालून. ओलावा मोजायचं छोटं मीटर ऑनलाइन मिळतं, ४०-५० टक्क्यांच्या मध्ये ठेवा. तांदळाच्या डब्यात ठेवायचा घरगुती उपाय कोणी सांगेल, करू नका, तांदळाची भुकटी सांध्यात जाते.

आणि जून लागला की बीनबॅगमधली ज्वारी काढून कबुतरांना टाका. मी एक वर्ष तशीच ठेवली होती, सप्टेंबरात गाडीच्या काचेवर लेन्स टेकवला तर बाहीवर सोंडे चढायला लागले.